बीबीए-बीएमएसला एमआयएस कसं शिकावं: एका दूध संकलन केंद्राच्या आधाराने

एमआयएसचा, म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणालीचा, पेपर बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काढतात. व्याख्या, वैशिष्ट्यं, फायदे-तोटे, पिरॅमिडची आकृती, संपला विषय. मार्कही बरे पडतात. अडचण पुढे येते. इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरचे साहेब विचारतात, "आमच्या डेपोतून रोज माल जातो. सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलावर कोणते तीन आकडे हवेत, सांगा." तिथे व्याख्या उपयोगाला येत नाही, कारण हा विषय कुणाला, कधी, कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी कोणती माहिती लागते याचा आहे. संगणक त्यात नंतर येतो.

यावर मला पटलेला मार्ग एकच आहे. सत्राच्या सुरुवातीला एक छोटा, खरा, चालू धंदा निवडायचा आणि पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण त्याच धंद्यावर लावून पाहायचं. दर प्रकरणाला वेगळं उदाहरण घेतलं की एकाचाही नीट बोध होत नाही. या लेखात मी दूध संकलन केंद्र घेतलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर भागातल्या मुलांना ते घरचंच आहे आणि इतरांना समजायला अवघड नाही.

प्रवेश अजून व्हायचा असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. 2024 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीबीए-सीएमध्ये (संगणक उपयोजनावरच्या बीबीएमध्ये) प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस बरंच असतं, तर साध्या बीबीए-बीएमएसला एमआयएस हा एखादाच पेपर येतो. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाचं माहितीपत्रक बाजूला ठेवून विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडा आणि डेटाबेस किती सत्रं आहे ते मोजा.

पायरी 1: धंदा निवडा आणि कागद गोळा करा

निवडताना तीन गोष्टी बघा. रोज नोंदी होतात का, पैसे कुठल्या तरी हिशेबाने ठरतात का, आणि मालक तुम्हाला तासभर बसू देईल का. मेडिकल, किराण्याचं होलसेल दुकान, हॉस्टेलची मेस, गावातली पतसंस्था, काहीही चालेल. मोठी कंपनी टाळा. तिथे स्वागतकक्षाच्या पलीकडे तुम्हाला कुणी जाऊ देत नाही आणि प्रोजेक्टमध्ये वेबसाईटवरचा मजकूर उतरतो.

संकलन केंद्रावर सकाळी आणि संध्याकाळी दूध येतं. काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, दर तक्त्यावरून भाव ठरतो, उत्पादकाच्या हातात पावती पडते. कॅन रिकामे होतात, टँकर शीतकरण केंद्राकडे जातो. दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्य, उचल वगैरे कपात होऊन बाकी रक्कम खात्यावर जमा होते. तुम्हाला लागतील ते कागद असे: एक पावती, दर तक्ता, एक दहा दिवसांचं बिल, टँकरची एक पोच. चार कागदांत अख्खा विषय मावतो.

कागद घेताना नावं आणि खाते क्रमांक खोडून घ्या. केंद्राचे सचिव हो म्हणाले तरी तो डेटा उत्पादकांचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला, आणि एमआयएसमधल्या नैतिकतेच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण शोधून मिळणार नाही.

पायरी 2: आकृतीआधी निर्णयांची यादी करा

पिरॅमिड सगळ्या पुस्तकांत आहे: तळाशी व्यवहार नोंदवणारी प्रणाली, वर व्यवस्थापनाचे अहवाल, मग निर्णयाला मदत करणारी प्रणाली, टोकाला वरिष्ठांसाठीची. यामागे रॉबर्ट अँथनी यांनी 1965 मध्ये मांडलेले तीन स्तर आहेत: रोजचं काम, त्यावरचं नियंत्रण आणि दूरचं नियोजन. 1971 मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी त्याला हर्बर्ट सायमन यांची साचेबद्ध आणि बिनसाच्याच्या निर्णयांची कल्पना जोडली. ही दोनच माणसं आहेत बरं का, स्कॉट मॉर्टन हे एकाचंच आडनाव. उत्तरपत्रिकेत तीन जण करू नका.

आता केंद्रावर या. आत्ता आलेल्या कॅनचा भाव किती? तक्ता आहे, डोकं लावायचं काम नाही, हा साचेबद्ध निर्णय. एखाद्याला पाच हजारांची उचल द्यायची का? मागच्या तीन महिन्यांचं दूध बघायचं, पण त्याची गाय आटायला आली आहे हेही माहीत असावं लागतं. हा अर्धा साच्यातला, अर्धा माणसाच्या अंदाजाचा. स्वतःचा बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) बसवायचा का? इथे आकडे लागतातच, शिवाय गावचं राजकारण, शेजारच्या संघाचा डाव आणि कर्ज घ्यायची हिंमतही लागते. असे पंधरा-वीस निर्णय वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर चार रकाने करा: कोण घेतो, किती वेळा, कोणता आकडा बघून, आणि आकडा उशिरा आला तर काय बिघडतं. चौथा रकाना विद्यार्थी सोडून देतात. त्याच रकान्यावरून अहवाल रोज काढायचा की महिन्याला, हे ठरतं.

पायरी 3: माहितीचा प्रवाह काढा, कागदावरच

डीएफडी (माहितीच्या प्रवाहाची आकृती) काढताना आधी एकच गोल: संकलन केंद्र. बाहेर उत्पादक, दूध संघ, बँक आणि पशुखाद्याचा पुरवठादार. कोणता कागद आत येतो, कोणता बाहेर जातो, एवढ्याच रेषा. मग गोल फोडायचा: दूध मोजणं व तपासणं, दर लावणं, बिल करणं, टँकर पाठवणं. डेटा एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात आपोआप जात नाही, मध्ये प्रक्रिया लागतेच, हा नियम सांभाळा. ज्या प्रक्रियेत रेषा नुसत्या आत जातात आणि बाहेर काहीच येत नाही, तिथे काहीतरी विसरलं आहे.

आकृती पूर्ण झाली असं वाटलं की स्वतःला विचारा, नासलेलं म्हणून परत केलेल्या कॅनची नोंद कुठे होते? बहुतेक आकृत्यांत ती नसते. बऱ्याचदा केंद्राच्या वहीतही नसते. अशी एक सुटलेली नोंद दाखवली तर प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत पहिली पाच मिनिटं त्यावरच जातात आणि तुमच्या बाजूने जातात.

पायरी 4: डेटाबेस, इथे महिनाभर थांबा

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं, पीटर चेन यांनी 1976 मध्ये ईआर आकृती (कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे दाखवणारी). एवढा इतिहास पुरे. पुढचं मात्र घाईने उरकू नका, कारण तीन-चार सत्रांनंतर एमआयएसमधलं जे हातात उरतं, ते हेच.

सचिवांच्या एका लांब तक्त्यापासून सुरुवात करा. रकाने असे: सभासद क्रमांक, नाव, गाव, बँक खातं, आयएफएससी, शाखेचं नाव, दिनांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, कपात 1, कपात 2, कपात 3.

पहिला दोष उजवीकडेच दिसतो. चौथी कपात आली तर? रकाना वाढवावा लागेल. म्हणून कपातीचा वेगळा तक्ता: सभासद, दिनांक, कपातीचा प्रकार, रक्कम. पुनरावृत्तीचे रकाने गेले की पहिलं नॉर्मल फॉर्म, म्हणजे तक्त्यातली पुनरावृत्ती काढण्याची पहिली पायरी, हाती आलं.

आता एक ओळ ओळखायची कशावरून? सभासद क्रमांक, दिनांक आणि वेळ, असं बहुतेक जण लिहितात. पण एकाच सकाळी तोच सभासद गाईचं आणि म्हशीचं दूध घालतो, तेव्हा जनावराचा प्रकारही चावीत, म्हणजे ओळ ओळखून देणाऱ्या रकान्यांच्या संचात, हवा. आणि गाईच्याच दुधाचे दोन कॅन वेगळे मोजले तर? मग पावती क्रमांकाशिवाय गत्यंतर नाही. हा प्रश्न पुस्तक विचारत नाही, केंद्रावरचा काटा विचारतो. तरी अभ्यासासाठी चार रकान्यांचीच चावी धरून चला, कारण दुसरं नॉर्मल फॉर्म त्यावर चांगलं कळतं. नाव आणि गाव हे फक्त सभासद क्रमांकावर अवलंबून आहेत, अख्ख्या चावीवर नाहीत. रोज दोन वेळा नाव लिहिण्यात अर्थ नाही, त्यांचा सभासदांचा तक्ता वेगळा. आणि त्या तक्त्यात शाखेचं नाव आयएफएससीवरून ठरतं, थेट सभासदावरून नाही. शाखेचा तक्ता वेगळा केला की तिसरं नॉर्मल फॉर्म.

एवढं झाल्यावर एक कठीण प्रश्न हाताळा. दर कुठे ठेवायचा? फॅट आणि एसएनएफवरून दर तक्त्यातून तो काढता येतो, मग प्रत्येक पावतीवर पुन्हा कशाला? समजा गाईचं 8.5 लिटर दूध 34.20 रुपये दराने घेतलं, रक्कम झाली 290.70. पुढच्या आठवड्यात संघाने दर बदलला. तक्त्यातला जुना आकडा पुसून नवा लिहिलात, तर मागच्या आठवड्याचं बिल पुन्हा काढताना रक्कम बदलेल आणि उत्पादक पावती घेऊन दारात उभा राहील. यावर दोन उपाय आहेत. दर तक्त्यात 'लागू दिनांक' हा रकाना ठेवायचा आणि जुने दर पुसायचे नाहीत, किंवा व्यवहाराच्या वेळचा दर पावतीवर गोठवायचा. मी दोन्ही करा असंच सांगेन. पाठ्यपुस्तक पुनरावृत्ती टाळा म्हणतं, पण पावतीवरचा दर म्हणजे त्या वेळी मान्य झालेला सौदा. तो तक्त्यातून काढता आला तरी वेगळी नोंद म्हणून जपायला हवा.

पायरी 5: अहवाल, आणि सरासरीचा सापळा

अहवालांचे तीन प्रकार परीक्षेला येतात. ठरलेल्या वेळी निघणारा अहवाल म्हणजे दहा दिवसांचं बिल. मागणीनुसार निघणारा म्हणजे कर्जासाठी बँकेला दाखवायला सभासदाने मागितलेला वर्षभराच्या दुधाचा उतारा. तिसरा अपवादाचा: मागच्या दहा दिवसांच्या तुलनेत ज्यांची फॅट अर्ध्या पॉईंटने घसरली, किंवा तीन दिवस ज्यांचं दूधच आलं नाही, अशांची यादी. सचिवांना दीडशे जणांची छापील यादी वाचायला वेळ नसतो, आठ नावांची यादी ते उभ्याउभ्या वाचतात.

केंद्राचा सगळ्यात मोलाचा अहवाल मात्र घटीचा. केंद्रावर मोजलेलं दूध आणि शीतकरण केंद्राच्या पोचेवरचं दूध, लिटर आणि फॅट दोन्ही, रोज समोरासमोर मांडायचं. आणि इथेच हुशार मुलंही अडकतात. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (आपोआप गोषवारा काढणाऱ्या तक्त्यात) फॅटचा रकाना टाकतात, 'सरासरी' निवडतात आणि मोकळे होतात.

दोनच सभासद घेऊन बघा. एकाचं 2 लिटर, फॅट 5.0. दुसऱ्याचं 20 लिटर, फॅट 3.4. साधी सरासरी 4.2. पण कॅनमध्ये एकत्र झालेल्या 22 लिटरची फॅट 4.2 नसते. 2 गुणिले 5.0 म्हणजे 10, 20 गुणिले 3.4 म्हणजे 68, बेरीज 78, भागिले 22, म्हणजे जवळपास 3.55. टँकरच्या पोचेवर 3.5 आली की साधी सरासरी काढणारा म्हणणार, "वाटेत फॅट चोरली." भारित सरासरी काढणारा म्हणेल, किरकोळ फरक आहे. चुकीच्या सूत्रापायी टँकरच्या ड्रायव्हरवर आळ येऊ शकतो, एवढं त्यात वजन आहे. म्हणून तक्त्यात लिटर गुणिले फॅट असा एक रकाना ठेवा, त्याची बेरीज करा आणि लिटरच्या बेरजेने भागा. टक्केवारी, दर, गुण असा कोणताही आकडा सरासरीला टाकण्याआधी तो कशाच्या मागे आहे, हे विचारायची सवय यातून लागते.

पायरी 6: साधनं, या क्रमाने

आधी एक्सेल. एक्सलूकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधणं), समइफ्स (अटीनुसार बेरीज), पिव्होट टेबल आणि पॉवर क्वेरी (डेटा साफ करणं), एवढं हाताला बसू द्या. मॅक्रोच्या मागे आता लागू नका. सुरुवातीलाच तारखांचा त्रास होईल: निम्म्या तारखा खऱ्या तारखा असतात, निम्म्या नुसता मजकूर. मजकुराच्या तारखा आपसूक डावीकडे सरकलेल्या दिसतात, तेवढ्यावरून ओळखता येतात.

मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग आणि जॉईन यांत पदवीच्या पातळीचं बहुतेक काम होतं. आज कुणाचं दूध आलं नाही, हा प्रश्न लेफ्ट जॉईनने (पहिल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ ठेवून दुसरा तक्ता जोडणं) सोडवता आला की जॉईन समजलं असं समजा, कारण जे घडलं नाही त्याची ओळच तक्त्यात नसते.

"एक्सेल आहे की, डेटाबेस कशाला?" हा तोंडी परीक्षेचा आवडता प्रश्न. 'एक्सेल भरून जातं' हे उत्तर देऊ नका. दीडशे सभासद, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 300 आणि वर्षाला 1,09,500 ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, म्हणजे नऊ वर्षं तरी जागा आहे. खरं कारण वेगळं आहे. दोघांनी दोन फाईलींत वेगवेगळे बदल केले तर खरी कोणती? सभासद क्रमांक 118 यादीत नसतानाही त्याच्या नावावर दूध चढलं तर अडवणार कोण? डेटाबेस फॉरेन कीच्या (दुसऱ्या तक्त्यात असलेलाच क्रमांक चालेल, या बंधनाच्या) जोरावर अशी नोंद नाकारतो. एसक्यूलाईटमध्ये मात्र ती तपासणी आधी चालू करावी लागते.

आकडे आलेखांत मांडणारं पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवर फुकट मिळतं, ते सगळ्यात शेवटी. पायथॉन आवडलं तर घ्या, या पेपरसाठी गरज नाही.

पायरी 7: ईआरपीची एकच केस, पण मुळापर्यंत

दहा केसची नावं पाठ करण्यापेक्षा हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीची केस घ्या. सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलरचा प्रकल्प. त्यात ईआरपी, म्हणजे कंपनीची सगळी कामं एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणून सॅप, ग्राहकांसाठी सीबेल आणि नियोजनासाठी मॅन्युजिस्टिक्स. 48 महिने लागतील असा सल्ला होता, कंपनीने 30 महिन्यांत बसवायचं ठरवलं. 1999 च्या उन्हाळ्यात तिन्ही प्रणाली एकदम सुरू केल्या आणि हॅलोविन या सणाच्या हंगामात 10 कोटी डॉलरहून अधिकच्या ऑर्डरी पुरवता आल्या नाहीत. माल होता, गिऱ्हाईक होतं, मधली नोंद कोलमडली.

उत्तर लिहिताना 'प्रशिक्षण कमी पडलं' यावर थांबू नका. सुरू करायचा महिना कुणी निवडला, जुनी प्रणाली काही काळ समांतर का चालवली नाही, एकेक भाग का बसवला नाही, असे प्रश्न घ्या. मग तेच केंद्रावर लावा. नवं सॉफ्टवेअर हिवाळ्यात, दूध सगळ्यात जास्त येतं तेव्हा बसवाल का? बिलाच्या आदल्या दिवशी? एक दहा दिवसांचं बिल वही आणि संगणक दोन्हीवर काढून रक्कम जुळवल्याशिवाय वही बंद कराल का? नवी प्रणाली सुरू करण्याचे डायरेक्ट (एकदम), पॅरलल (जुनी-नवी समांतर), फेज्ड (टप्प्याटप्प्याने) आणि पायलट (आधी एका जागी) हे चार प्रकार यानंतर पाठ करावे लागत नाहीत.

परीक्षा आणि पुढची वाट

पेपरात व्याख्येला दोन ओळी, मग लगेच आकृती, मग आपल्या केंद्राचं उदाहरण. तपासणाऱ्याने एअरलाईन आणि सुपरमार्केट शंभर वेळा वाचलेलं असतं. तुमच्या पावतीवरचे खरे रकाने वाचताना त्याचा हात जरा थांबतो. डेव्हिस यांचं 1989 चं तंत्रज्ञान-स्वीकाराचं मॉडेल अभ्यासाला असेल तर 'उपयोगी वाटणं' आणि 'सोपं वाटणं' हे दोन घटक उत्पादकाच्या नजरेतून लिहा: छापील पावतीवर त्याचा विश्वास का बसतो, किंवा का बसत नाही.

नोकरीच्या जाहिरातींत 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' हे पद दिसेल. तिथे बहुतेक वेळा रोजचे-महिन्याचे एक्सेल अहवाल काढून साहेबांना पाठवायचं काम असतं. कमी लेखू नका, पहिली नोकरी म्हणून ते उत्तम आहे, कारण कंपनीचे सगळे आकडे तुमच्या हाताखालून जातात. पण दोन वर्षांनीही तोच अहवाल त्याच फाईलीत काढत असाल तर हला. तिथून बिझनेस अॅनालिस्ट, ईआरपीचा फंक्शनल कन्सल्टंट किंवा माहिती प्रणालीचं ऑडिट, अशा वाटा निघतात. माहिती प्रणालीच्या ऑडिटमधल्या सीसा (CISA) प्रमाणपत्राला परीक्षेशिवाय कामाचा अनुभवही लागतो, त्यामुळे पदवीच्या वर्षांत त्याची घाई नको. दुसऱ्या वर्षालाच कर्ज काढून सॅपचा महागडा क्लास लावू नका. वित्त, विक्री की साठा, कोणत्या कामात आपलं डोकं चालतं हे कळल्यावरच मॉड्यूल निवडण्यात अर्थ आहे.

बायोडेटात 'एमएस ऑफिसचं ज्ञान' ही ओळ काढून टाका. त्या जागी लिहा: 'दीडशे सभासदांच्या दूध संकलन केंद्रासाठी पाच तक्त्यांचा डेटाबेस आणि रोजचा घट-अहवाल तयार केला.' आकडे अर्थात तुमच्या कामाचे टाका. सोबत ईआर आकृती, नावं खोडलेली पावती आणि अहवालाचं एक पान अशी तीन पानं जवळ ठेवा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा दर तक्त्यावर येतो: दर बदलला तर जुन्या बिलाचं काय?